चिक्कीचं खोकं आणि एक्स-रेचा पडदा : विमानतळावर हातातली बॅग कशी तपासतात?



आधी एक सोपा वाटणारा प्रश्न. साखर आणि मीठ, दोन्ही पांढरे, दोन्ही दाणेदार. दोन पारदर्शक पिशव्यांत भरून, चिठ्ठी न लावता तुमच्यापुढे ठेवले, तर चव न घेता ओळखता येतील का? बराच वेळ निरखून बघावं लागेल. विमानतळावरच्या एक्स-रे यंत्राला मात्र क्षणात कळतं. त्याच्या पडद्यावर साखर नारिंगी दिसते आणि मीठ हिरवं. पण त्याच यंत्रातून लोणावळ्याच्या चिक्कीचं खोकं गेलं, तर पडद्यासमोर बसलेला जवान पट्टा थांबवून बॅग बाजूला घेऊ शकतो. मीठ ओळखणारं यंत्र चिक्कीला का अडखळतं, हे आजच्या पाठात बघू.

हा विषय आत्ताच का घेतला, तेही सांगायला हवं. शिळफाटा म्हटलं की बाहेरच्या माणसाला कल्याणजवळचा फाटा आठवतो. आपला शिळफाटा खोपोलीतला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. इथल्या माणसासाठी विमान ही इतकी वर्षं डोक्यावरून जाणारी वस्तू होती. पकडायचं झालं तर अख्खी मुंबई ओलांडून अंधेरीपर्यंत जावं लागायचं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं सुटू लागली. खालापूर, चौक करत पनवेल गाठलं की विमानतळ आलाच, आणि तोही आपल्याच रायगड जिल्ह्यात. तेव्हा येत्या काही वर्षांत तुमच्यापैकी अनेकांच्या घरातलं कोणीतरी पहिल्यांदा विमानात बसणार आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याला विमानापेक्षा त्या तपासणीच्या रांगेचीच जास्त धास्ती असते. "माझ्या बॅगेत काही निघालं तर? सगळ्यांसमोर अडवलं तर?" ही धास्ती घालवायची तर पट्ट्याच्या पलीकडे नेमकं काय चालतं, ते समजून घ्यावं लागतं.

दोन बॅगा, दोन वाटा

विमानाने जाताना सामानाचे दोन भाग होतात. मोठी बॅग काउंटरवर द्यायची. ती विमानाच्या पोटात जाते आणि प्रवास संपेपर्यंत आपल्या हाती येत नाही. हिला चेक-इन बॅग म्हणतात. दुसरी लहान बॅग आपल्याबरोबर विमानात, डोक्यावरच्या कप्प्यात किंवा पायाशी असते. ती हँडबॅग किंवा केबिन बॅग. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण निम्मे नियम त्यातूनच निघतात. उडत्या विमानात प्रवाशाच्या हाताला जे लागू शकतं, त्याचा विचार वेगळा करतात. पोटात बंद असलेल्या सामानाचा वेगळा. सुरी मोठ्या बॅगेत चालते, हातातल्या बॅगेत चालत नाही. पॉवर बँकेचं बरोबर उलटं. असं उलटं का, ते पुढे येईल.

आपल्या देशात हे नियम नागरी विमान सुरक्षा ब्युरो म्हणजे बीसीएएस ही केंद्र सरकारची संस्था करते. १९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या एका विमानाचं अपहरण झालं. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये आधी एक छोटा विभाग म्हणून तिची सुरुवात झाली. १ एप्रिल १९८७ पासून ती स्वतंत्र झाली. प्रत्यक्ष रांगेत तपासणी करताना जे गणवेशातले जवान दिसतात, ते बहुतेक मोठ्या विमानतळांवर सीआयएसएफचे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे असतात. पूर्वी हे काम त्या त्या राज्याचे पोलीस करायचे. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी-८१४ हे विमान अपहरण करून कंदाहारला नेलं, तेव्हा सगळा देश हादरला. त्यानंतर विमानतळ या दलाकडे सोपवायला सुरुवात झाली. पहिला मान जयपूरचा, ३ फेब्रुवारी २००० रोजी.

पडद्यावर काय दिसतं?

आठवीच्या विज्ञानात अणुअंक शिकलात ना? परीक्षेपुरता पाठ केलेला तो अणुअंक इथे कामाला येतो.

रॉन्टजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. दवाखान्यात हाताचा फोटो काढतात तेव्हा हाड पांढरं दिसतं, कारण हाडातल्या कॅल्शियमचा अणुअंक मोठा (२०) आहे आणि तो किरण जास्त शोषतो. मांसात मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन. त्यांचे अणुअंक १, ६ आणि ८. म्हणून किरण त्यातून बऱ्यापैकी आरपार जातात. विमानतळावरचं यंत्र एक पाऊल पुढे जातं. ते कमी आणि जास्त अशा दोन वेगवेगळ्या ऊर्जांच्या किरणांचं मोजमाप करतं. कमी ऊर्जेचे किरण किती शोषले जातील, हे अणुअंकावर फार अवलंबून असतं. जास्त ऊर्जेच्या किरणांच्या बाबतीत वस्तू किती दाट आणि जाड आहे, याचं महत्त्व वाढतं. दोन्ही आकड्यांची तुलना केली की वस्तू साधारण कोणत्या अणुअंकाची आहे, याचा अंदाज येतो. मग संगणक त्या अंदाजाला रंग देतो. हे रंग वस्तूचे खरे रंग नव्हेत, बरं का. नकाशात डोंगर तपकिरी दाखवतात, तशी ती खूण असते.

कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांचे पदार्थ नारिंगी. त्यात कापड, कागद, साबण, प्लॅस्टिक, भाकरी, साखर सगळं आलं. मधले हिरवे : काच, अॅल्युमिनियम, आणि आपलं मीठ, कारण सोडियमचा अणुअंक ११ आणि क्लोरीनचा १७. लोखंड, तांबं असे जड धातू निळे. आणि जिथून किरण पलीकडे पोचलेच नाहीत, तिथे काळा डाग. आता तुमच्या डब्याचा विचार करा. स्टीलचा डबा निळा, आतली पोळी-भाजी नारिंगी, बाटली प्लॅस्टिकची तर नारिंगी, काचेची तर हिरवट. रोज असे शेकडो डबे बघणाऱ्या जवानाला डबा ओळखायला सेकंदही लागत नाही.

अडचण पुढेच आहे. स्फोटकंसुद्धा बहुतेक करून याच कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजनची बनलेली असतात. म्हणजे तीही नारिंगीच! यंत्राला "हा बॉम्ब आहे" असं दिसत नाही. त्याला दिसतो एक नारिंगी, दाट, चौकोनी ठोकळा. चिक्की, घट्ट दाबलेले तिळाचे लाडू, माहीम हलवा, साबणाच्या वड्यांचा गठ्ठा, जाडजूड पुस्तक, हे सगळे नारिंगी ठोकळेच की! नुसता ठोकळा असला तर सहसा कोणी थांबवत नाही. पण आता समजा, बॅग भरताना घाई झाली. चिक्कीचं खोकं, त्याला चिकटून पॉवर बँक, आणि वर चार्जरची वायर गुंडाळून ठेवलेली. पडद्यावर काय दिसेल? नारिंगी दाट ठोकळा, त्याच्या बाजूला बॅटरी, दोघांवरून गेलेली तार. बॉम्बचं चित्र काढायला सांगितलं तर तुम्ही हेच काढाल. जवानाने अशी बॅग सोडली, तर तोच त्याचा हलगर्जीपणा.

म्हणून लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला सांगतात. प्रवाशांना ही कटकट वाटते. लॅपटॉपमध्ये बॅटरी, धातू आणि पट्ट्या इतक्या दाटीने असतात की त्याच्याखाली काय आहे ते दिसत नाही. तो बाहेर काढला की त्याचं चित्र वेगळं, बॅगेचं वेगळं. काही ठिकाणी आता दवाखान्यातल्या सीटी स्कॅनसारखी, बॅगेचं सगळ्या बाजूंनी चित्र काढणारी यंत्रं आली आहेत. त्यांत चित्र पडद्यावर फिरवून बघता येतं, म्हणून तिथे लॅपटॉप काढायला सांगत नाहीत. तिथला जवान जे सांगेल ते करायचं, मागच्या विमानतळावर काय होतं ते सांगत बसायचं नाही.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. पडद्यासमोर बसलेल्या माणसाला खऱ्या बॅगांच्या चित्रांत अधूनमधून खोटी पिस्तुलं आणि खोटे बॉम्ब दाखवले जातात. संगणकच एखाद्या साध्या बॅगेच्या चित्रात ते मिसळतो. जवानाने बटण दाबून पकडलं, तर यंत्र सांगतं की हे खोटं होतं. सुटलं तर नोंद होते. कारण हजारो निरुपद्रवी बॅगा बघून बघून माणसाची नजर बधिर होते. युरोपात तर सलग वीस मिनिटांहून जास्त वेळ साधारणपणे पडदा बघू देत नाहीत. तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत फळ्याकडे बघणाऱ्या वर्गाला हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

पट्टा थांबतो तेव्हा

पडद्यावर शंका आली की पट्टा थांबतो, चित्र मागेपुढे करून, मोठं करून पाहिलं जातं. तरी उलगडा झाला नाही, तर बॅग सरळ आपल्याकडे न येता बाजूच्या पट्ट्यावर सरकते. मग आवाज येतो, "ये बॅग किसका है?" इथे घाबरून जाणारी माणसं असतात. काही तर उत्तरच देत नाहीत. हात वर करून "माझी" म्हणायचं, एवढंच. शिवाय काही बॅगा कसलीही शंका नसताना, नुसत्या अधूनमधून निवडूनही तपासतात.

बॅग तुमच्यासमोर उघडतात. "आत धारदार काही आहे का?" असं विचारतील. ते जवानाच्या बोटांसाठी असतं, तेव्हा खरं सांगायचं. या वेळी मदत म्हणून स्वतः बॅगेत हात घालू नका. आपला हेतू चांगला असला तरी समोरच्याला तो माहीत नसतो. कारखान्यात कामाला असणाऱ्या घरच्या माणसांना विचारा. पाळी सुटल्यावर गेटवर डबा उघडून दाखवताना कोणी स्वतःला चोर समजत नाही. इथेही तसंच आहे. बॅग उघडली म्हणजे आरोप झाला असं नाही. शंका आली आहे, ती फेडायची आहे. शंका फेडली गेली की बॅग तुमची.

कधी कधी डोळ्यांनी बघूनही समाधान होत नाही. मग कापडाचा किंवा कागदाचा एक छोटा तुकडा बॅगेच्या चेनवर, मुठीवर, आतल्या वस्तूंवर फिरवतात आणि एका यंत्रात घालतात. हे ईटीडी, म्हणजे स्फोटकांचे सूक्ष्म कण हुंगणारं यंत्र. तुकड्यावरचे कण तापवून त्यांची वाफ करतात आणि त्यातले रेणू ओळखतात. डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या अल्प अंशावर ते वाजतं. त्यामुळे ते चुकीचंही वाजू शकतं. काही खतांमधलं अमोनियम नायट्रेट, हाताला लावायच्या क्रीममधलं ग्लिसरीन, हे त्याला फसवू शकतात. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायच्या काही गोळ्यांत नायट्रोग्लिसरीन असतं. डायनामाइटमधलं नायट्रोग्लिसरीन तेच. (डायनामाइट शोधणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी हृदयासाठी हेच औषध सांगितलं होतं. त्यांनाही त्याची गंमत वाटली होती.) तेव्हा शेतात खत टाकून आलेल्या किंवा दगडखाणीत सुरुंगाचं काम करणाऱ्या माणसाच्या बॅगेवर यंत्र वाजलं, तर त्याने बिथरून न जाता आपलं काम काय, औषध कोणतं, ते शांतपणे सांगावं. पुन्हा तपासतात, वरिष्ठांना बोलावतात आणि सोडतात. औषधाची चिठ्ठी जवळ असली तर काम लवकर होतं.

आणि खरोखरच स्फोटकासारखं काही वाटलं तर? मग बॅग कोणी उघडत नाही, उचलत नाही, हलवतही नाही. माणसं लांब नेतात, जागा मोकळी करतात आणि बॉम्बशोधक व नाशक पथकाला बोलावतात. पुढचं काम त्यांचं. सिनेमातला लाल तार की निळी तार हा प्रकार तिथे नसतो.

शंका आली, पण फेडली नाही

एवढी काटेकोर तपासणी कशासाठी, असं वाटत असेल, तर ४० वर्षांपूर्वीची एक घटना माहीत असायला हवी. २३ जून १९८५. एअर इंडियाचं 'कनिष्क' नावाचं जम्बो विमान कॅनडातून लंडनमार्गे दिल्लीला येत होतं. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर असताना विमानाच्या पोटातल्या एका बॅगेत स्फोट झाला. विमानातले सगळे, ३२९ जण, मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलं खूप होती. कॅनडात शाळांना सुट्ट्या लागत होत्या आणि कुटुंबं आजी-आजोबांना भेटायला भारतात यायला निघाली होती.

ती बॅग व्हँकुव्हरला एका माणसाने काउंटरवर दिली होती. तो स्वतः विमानात बसलाच नाही. त्याची बॅग मात्र टोरांटोला पोचली आणि तिथून एअर इंडियाच्या विमानात चढली. टोरांटोला सामान तपासायचं एक्स-रे यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडलं. उरलेल्या बॅगा हातात धरायच्या एका हुंगणाऱ्या यंत्राने तपासल्या. एका बॅगेजवळ ते हलकंसं वाजलं होतं, असं पुढे चौकशीत आलं. पण तपासणाऱ्यांना सांगितलं होतं की स्फोटक असेल तर मोठा आवाज येईल. बारीक आवाजाचं काय करायचं, हे कोणी शिकवलंच नव्हतं. बॅग पुढे गेली. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर, एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात जाणाऱ्या बॅगेत स्फोट होऊन सामान चढवणारे दोन कामगार ठार झाले. तीही बॅग व्हँकुव्हरहूनच आली होती.

ही हातातली बॅग नव्हती, हे खरं. पण आज आपण रांगेत जे जे बघतो, त्यातलं बरंच काही या घटनेशी जोडलेलं आहे. प्रवासी विमानात बसला नाही तर त्याची बॅग उतरवून काढायची, हा नियम त्यानंतर जगभर कडक झाला. भारतात तर कितीतरी वर्षं प्रवाशांना विमानाच्या शिडीजवळ नेऊन, ओळीने मांडलेल्या सामानातून आपली बॅग बोटाने दाखवायला लावत. दाखवली नाही ती बॅग विमानात चढत नसे. तुमच्या ओळखीत १९९० च्या सुमारास विमानाने गेलेलं कोणी असेल, तर विचारून बघा, त्यांना आठवत असेल. त्या टोरांटोच्या यंत्राचा बारीक आवाज मनात ठेवून आजच्या रांगेकडे बघितलं, तर चिक्कीसाठी गेलेली पाच मिनिटं फारशी खटकत नाहीत. निदान मला तरी नाही.

आपल्या घरातल्या वस्तू

आता थोडं घराकडे येऊ. आजीच्या पानाच्या डब्यात अडकित्ता असतो. आजीच्या दृष्टीने ती सुपारी कातरायची वस्तू, तपासणीच्या दृष्टीने धारदार पातं. तो मोठ्या बॅगेत टाकावा. विळी, सुरी, कोयता यांचंही तेच. रांगेत सापडलं तर बहुतेक वेळा परत काउंटरवर जाऊन मोठ्या बॅगेत टाकायची मुभा मिळते. पण ती बॅग आधीच गेलेली असते आणि वेळही उरलेला नसतो. मग वस्तू तिथेच सोडावी लागते. आजोळचा पितळी अडकित्ता असा सोडून जाणं फार जिवावर येतं, म्हणून हे आधी सांगितलेलं बरं. नियमाला अपवादही आहेत. देशांतर्गत प्रवासात शीख प्रवाशांना पातं सहा इंचांपर्यंत आणि एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत असलेली कृपाण जवळ ठेवता येते. नांदेडला विमानाने येणाऱ्या भाविकांमुळे आपल्या राज्यात हे नेहमी दिसतं.

दुसरी वस्तू खोबरं. महडच्या वरदविनायकाला किंवा पालीच्या बल्लाळेश्वराला जाऊन आलं की प्रसादाचा नारळ आणि खिरापतीचं सुकं खोबरं घरात असतंच, आणि ते परगावच्या लेकीला पाठवावंसं वाटतं. सुकं खोबरं विमानात ना हातात चालतं, ना मोठ्या बॅगेत. लोक हसतात, "खोबऱ्याचा काय बॉम्ब होणार?" बॉम्ब नाही होत. पण उकिरड्यात हात घालून बघा, आत ऊब लागते. ओल्या गवताची गंजी आतून तापते, हेही शेतकऱ्याला माहीत असतं. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर. ते हवेतल्या ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावतं, त्यातून उष्णता निघते आणि ढीग मोठा असेल, उष्णतेला बाहेर पडायला वाव नसेल, तर ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतं. आंतरराष्ट्रीय यादीत सुकं खोबरं आपोआप पेटू शकणाऱ्या पदार्थांत धरलेलं आहे. अख्खा नारळही हँडबॅगेत चालत नाही. पण शबरीमलेच्या यात्रेकरूंसाठी २० जानेवारी २०२५ पर्यंत बीसीएएसने खास सूट दिली होती. एक्स-रे, ईटीडी आणि हाताने तपासणी, असं सगळं करून नारळ विमानात नेऊ देत. म्हणजे नियम करणाऱ्यांनाही नारळ कशासाठी नेतात ते ठाऊक असतं.

तिसरी वस्तू तुमच्या दप्तरातली. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायची नाही, हातातच ठेवायची. कारण लिथियमची बॅटरी बिघडली की स्वतःच तापत जाते आणि पेटते. प्रवाशांमध्ये पेटली तर कोणाच्या तरी लक्षात येईल आणि विमानातले कर्मचारी विझवतील. पोटात, शेकडो बॅगांच्या ढिगात पेटली तर? आता वर सांगितलेलं उलटं गणित सुटलं ना? मर्यादाही आहे. १०० वॉट-अवरपर्यंत चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, त्यापुढे नाही. बॅटरीवर मात्र वॉट-अवरपेक्षा एमएएच ठळक छापलेले असतात. एमएएचला १००० ने भागा आणि व्होल्टने गुणा. २०,००० एमएएच म्हणजे २०, गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४ वॉट-अवर. चालेल. छापलेलं पुसलं गेलं असेल तर जवानाला हिशेब करता येत नाही आणि बॅटरी अडते.

पाणी, तेल, लोणचं, शाम्पू यांचं थोडक्यात. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेत द्रवाची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी नको. बाटली २०० ची आणि तेल तळाशी दोन बोटं, तरी नाही, कारण मोजतात ती बाटली. हा नियम ऑगस्ट २००६ नंतरचा. शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन विमानं उडवायचा कट लंडनमध्ये उघडकीस आला, त्यानंतरचा. तान्ह्या बाळाचं दूध आणि गरजेची औषधं यांना सूट असते. लोणचं आणि मसाला सरळ मोठ्या बॅगेत.

काही वस्तू मात्र "सोडून द्या" म्हणून भागत नाही. बंदुकीची जिवंत गोळी ही त्यातली सर्वांत वाईट. परवाना असलेल्या नातेवाइकाची बॅग मागून घेतली आणि तिच्या कोपऱ्यातल्या खिशात एक काडतूस विसरलेलं, असं घडतं. अशा वेळी पोलिसांना बोलावतात आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदतात. गोळी जवळ आहे हे माणसाला ठाऊकच नव्हतं, असं दिसल्यावर उच्च न्यायालयांनी असे बरेच गुन्हे रद्द केले आहेत. पण तोवर विमान गेलेलं असतं, आखातातल्या नोकरीची तारीख उलटलेली असते आणि वकिलाचं बिल सुरू झालेलं असतं. उसनी बॅग घेतली की तिचे सगळे कप्पे उलटे करून झटका. आणि अनोळखी माणसाने "एवढं पार्सल तेवढं न्या" म्हटलं, तर ते घेऊ नका, मग तो आपल्याच तालुक्यातला असला आणि मराठीत बोलत असला तरी.

चेष्टा आणि बेवारस बॅग

वर्गात हा विषय निघाला की मागच्या बाकावरून एक प्रश्न ठरलेला असतो : "नुसतं गमतीत बॉम्ब म्हटलं तर?" रांगेत हा शब्द गमतीतही उच्चारायचा नाही. जवानाला चेष्टा ओळखण्याची मुभाच नसते. त्याला शब्द ऐकला की शंका फेडावीच लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये समाजमाध्यमांवरून शेकडो विमानांना खोट्या धमक्या आल्या. विमानं मध्येच उतरवली, प्रवासी अडकले. मुंबई पोलिसांनी या प्रकरणात छत्तीसगडमधल्या एका १७ वर्षांच्या मुलाला ताब्यात घेतलं होतं. सतरा वर्षं म्हणजे आपल्या बारावीतला मुलगा.

बेवारस बॅगेचं मात्र विमानतळापुरतं नाही. १३ फेब्रुवारी २०१० च्या संध्याकाळी पुण्याच्या कोरेगाव पार्कमधल्या जर्मन बेकरीत ठेवून दिलेल्या एका बॅगेत स्फोट झाला आणि १७ जणांचा जीव गेला. तिथे पट्टा नव्हता, एक्स-रे नव्हता. खोपोली लोकलच्या डब्यात, एसटी स्टँडवर, शिळफाट्यावर रिक्षाच्या रांगेतही नसतो. अशी बॅग दिसली तर "कोणाची आहे?" असं मोठ्याने विचारा. कोणी बोललं नाही, तर हात न लावता, लाथेने न सरकवता लांब व्हा, इतरांना लांब करा आणि लांब गेल्यावर ११२ ला फोन करा. रेल्वेत असाल तर १३९ किंवा जवळचा रेल्वे पोलीस. बहुतेक वेळा त्यात कोणाचा तरी डबा आणि छत्री निघते. निघू दे.

स्वाध्याय

घरातल्या एका बॅगेत डबा, पाण्याची बाटली, वही, चार्जर आणि मिठाची पुडी भरा. ती एक्स-रेच्या पडद्यावर कशी दिसेल याचं चित्र नारिंगी, हिरवा आणि निळा या तीनच रंगांत काढा. मग त्याच वस्तू अशा रचा, की जवानाला बॅग उघडावीच लागणार नाही, आणि दुसरं चित्र काढा. घरात पॉवर बँक असेल तर तिच्यावरचे एमएएच आणि व्होल्ट वाचून वॉट-अवर काढा. नसेल तर ३०,००० एमएएच आणि ३.७ व्होल्ट धरा, आणि ती विमान कंपनीला न विचारता नेता येईल का ते लिहा. उत्तरापुढे एकक लिहायला विसरू नका.